मुरूम एका रात्रीत का जात नाहीत? आणि झटपट गुण देणारी ट्यूब महागात का पडते?

परवा लग्न आहे आणि आज सकाळी नेमका हनुवटीवर लालभडक मुरूम! मग सल्ल्यांचा पाऊस सुरू होतो. मैत्रीण टूथपेस्ट लावायला सांगते, काकू लिंबू चोळायला सांगतात आणि शेजारचा कुणीतरी मेडिकलमधून एक छोटी ट्यूब आणून देतो. या तिघांत गुण सगळ्यात लवकर ट्यूबचा येतो. पण चेहऱ्याचं नुकसानही बऱ्याचदा तीच सगळ्यात जास्त करते.

असं का होतं, हे कळायला मुरूम कसा तयार होतो ते आधी पाहू.

आपल्या त्वचेवर बारीक छिद्रं असतात. प्रत्येक छिद्रातून एक केस येतो आणि त्याला लागून तेलाची ग्रंथी असते. वयात येताना अँड्रोजेन हार्मोन्स वाढतात, ग्रंथी जास्त तेल सोडू लागतात. त्याच वेळी छिद्राच्या आतल्या मृत पेशी नीट बाहेर न पडता तेलात चिकटून बसतात आणि बूच तयार होतं. तोंड उघडं राहिलं तर तो ब्लॅकहेड, बंद झालं तर व्हाइटहेड. ब्लॅकहेडचा काळा रंग म्हणजे मळ नव्हे, त्यामुळे तो घासून जात नाही. बुचाच्या आत क्युटीबॅक्टेरियम ॲक्नेस नावाचे जिवाणू वाढतात. तिथे सूज येते, लाली येते, पू होतो.

यातली महत्त्वाची गोष्ट अशी, की बूच तयार झाल्यापासून मुरूम दिसेपर्यंत कित्येक आठवडे जातात. म्हणजे आज आरशात दिसलेला मुरूम कालच्या वडापावामुळे आलेला नसतो. आणि पुढच्या महिन्यात येणारे मुरूम आत्ताच त्वचेखाली तयार होत असतात. म्हणून कुठल्याही योग्य उपचाराचा परिणाम दिसायला साधारण ८ ते १२ आठवडे लागतात. बहुतेक जण तिसऱ्या आठवड्यात कंटाळून दुसरं काहीतरी सुरू करतात, आणि तिथेच गाडी अडते.

ती ट्यूब नेमकी असते कसली?

मेडिकलमधून कुणी सहज आणून दिलेल्या ‘गोरं करणाऱ्या’ किंवा ‘सगळ्यावर चालणाऱ्या’ क्रीममध्ये अनेकदा स्टेरॉइड असतं. पाकिटावर बारीक अक्षरात मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा फ्लुओसिनोलोन यांपैकी काही लिहिलेलं आहे का, ते वाचा. एक्झिमासारख्या आजारांत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरावीक दिवस वापरली तर ही चांगली औषधं आहेत. मुरमांसाठी मात्र ती नाहीत.

स्टेरॉइड सूज दाबतं. त्यामुळे चार दिवसांत लाली जाते, चेहरा उजळ दिसतो, लोक ‘काय लावतेस गं?’ असं विचारू लागतात. काही आठवड्यांनी त्वचा पातळ व्हायला लागते. बारीक लाल शिरा दिसतात, उन्हात गेलं की चेहरा भाजल्यासारखा होतो, नको तिथे लव वाढते आणि मुरूम पुन्हा येतात, तेही झुंडीने. क्रीम थांबवलं की आग आणि लाली आणखी वाढते, म्हणून माणूस पुन्हा तीच ट्यूब उघडतो. भारतात हा प्रकार इतका वाढला, की त्वचारोगतज्ज्ञांनी अशा चेहऱ्याला ‘टॉपिकल स्टेरॉइड डॅमेज्ड फेस’ असं वेगळं नावच दिलं. २०१८ मध्ये केंद्र सरकारने त्वचेवर लावायची स्टेरॉइड्स शेड्यूल एचमध्ये आणली, म्हणजे चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत असा नियम झाला. तरीही ओळखीच्या दुकानात ट्यूब मिळते, हे वेगळं सांगायला नको. कुणी महिनोन्‌महिने असं क्रीम लावत असेल तर ते मनानेच एकदम बंद करण्यापेक्षा आधी त्वचेच्या डॉक्टरांना गाठावं.

लिंबूही निरुपद्रवी नाही. त्याचा रस तीव्र आम्लधर्मी असतो, आणि तो लावून उन्हात गेलं तर त्वचा भाजून काळे चट्टे पडू शकतात. टूथपेस्टने मुरूम सुकल्यासारखा वाटतो, पण भोवतीची त्वचा सोलवटते. बेसन-हळद हलक्या हाताने लावली तर सहसा बिघडत काही नाही, फक्त त्याने बूच निघतं असं समजू नये.

मग करायचं काय?

दिवसातून दोनदा सौम्य फेसवॉशने चेहरा धुवा, आणि घाम आल्यावर एकदा. एवढं पुरे. दिवसातून सहा वेळा साबण लावल्याने आतलं तेल कमी होत नाही, त्वचा मात्र कोरडी पडून चिडते. तेलकट त्वचेलाही मॉइश्चरायझर लागतं. पाकिटावर ‘नॉन-कॉमेडोजेनिक’ लिहिलेलं हलकं जेल घ्या. सनस्क्रीन टाळू नका, कारण आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेवर मुरूम गेला तरी काळा डाग महिनोन्‌महिने राहतो आणि उन्हाने तो आणखी गडद होतो.

साध्या मुरमांवर दोन औषधं बऱ्याच काळापासून वापरात आहेत. बेंझॉइल पेरॉक्साइड जिवाणू मारतं. २.५ टक्क्यांचं जेल बहुतेकांना पुरतं, जास्त तीव्र घेतलं की गुणापेक्षा जळजळच वाढते. (टॉवेल आणि उशीचा अभ्रा पांढरा वापरा, कारण ते रंगीत कापडाचा रंग घालवतं.) ॲडापॅलीन हे बूच तयार होण्यालाच आळा घालतं. ते रात्री, मटारच्या दाण्याएवढं, सुरुवातीला एक दिवसाआड लावायचं. पहिले काही आठवडे त्वचा कोरडी पडते, कधी मुरूम थोडे वाढल्यासारखेही वाटतात. ही औषधं फक्त दिसणाऱ्या मुरमावर ठिपका देऊन उपयोग नाही. पुढचे मुरूम अजून दिसतच नसतात, म्हणून मुरूम येणाऱ्या सगळ्या भागावर पातळ थर हवा. सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर ॲडापॅलीन नको.

सवयींमध्ये डोक्याच्या तेलाकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. रात्री खोबरेल तेल चोपडून झोपलं की ते कपाळावर आणि उशीवर उतरतं. कपाळावर, केसांच्या कडेनेच बारीक पुळ्या येत असतील तर काही आठवडे तेल धुण्याच्या तासभर आधीच लावून पाहा. हेल्मेटचा घामट पट्टा हनुवटीवर घासूनही मुरूम येतात. खाण्याबद्दल सांगायचं तर तळणीचं तेल थेट चेहऱ्यावर येत नाही. साखर, मैदा, गोड पेयं यांचा आणि काही जणांत दुधाचा संबंध मात्र अभ्यासांत दिसला आहे. जिम सुरू केल्यावर मुरूम वाढले असतील तर व्हे प्रोटीनचा डबा तपासा.

आणि फोडू नका. दाबल्यावर पू बाहेर येतो तसा आतही पसरतो, आणि खड्डा राहिला तर तो क्रीमने भरत नाही.

खोल, दुखऱ्या गाठी येत असतील, खड्डे पडू लागले असतील, किंवा मुरमांबरोबर पाळी अनियमित होऊन हनुवटीवर केस वाढत असतील, तर घरगुती प्रयोगांत वेळ घालवू नका. शेवटच्या प्रकारात पीसीओएस असू शकतो. गंभीर मुरमांसाठी डॉक्टर आयसोट्रेटिनोइनच्या गोळ्या देतात. त्या फार प्रभावी आहेत, पण गर्भाला गंभीर व्यंग येऊ शकतं, म्हणून त्या सुरू असताना आणि बंद केल्यावर किमान महिनाभर गर्भधारणा टाळावीच लागते. मैत्रिणीच्या चिठ्ठीवर या गोळ्या घेऊ नयेत. डॉक्टरांकडे जाताना आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूब पिशवीत घालून न्या, अगदी रिकाम्या झालेल्यासुद्धा. नाव आठवलं नाही तरी पाकीट वाचून त्यांना बरंच कळतं.