जिभेखालच्या गोळीचं कूळ

हृदयविकाराच्या कितीतरी रुग्णांच्या खिशात सॉर्बिट्रेटची पट्टी असते. जिना चढताना छाती भरून आली की खाली बसायचं, गोळी जिभेखाली ठेवायची. काही मिनिटांत कळ ओसरते. या गोळीचं कूळ शोधत गेलं, तर ते सुरुंगाच्या दारूपाशी पोचतं.

१८४७ साली इटलीतल्या तुरिनमध्ये आस्कानिओ सोब्रेरोने नायट्रोग्लिसरिन बनवलं. कणभर जिभेवर ठेवलं तरी डोकं भयंकर ठणकतं, हे त्यानेच नोंदवून ठेवलं. पुढे आल्फ्रेड नोबेलने त्यातून डायनामाइट केलं.

औषधाची वाट एडिंबरामार्गे आली. १८६७ मध्ये लॉडर ब्रंटनने छातीत कळ आलेल्या रुग्णांना अमिल नायट्राइटची वाफ हुंगायला दिली आणि मिनिटभरात कळ थांबली. पण तो गुण फार टिकत नसे. मग लंडनच्या विल्यम मरेलने नायट्रोग्लिसरिनच्या सौम्य द्रावणाच्या बाटलीचं ओलं बूच जिभेला लावून पाहिलं. तेवढ्यात रुग्ण तपासायला आला, आणि याचं हृदय असं धडधडू लागलं की प्रत्येक ठोक्याला सगळं अंग हादरत होतं. तरीही त्याने पुन्हा पुन्हा स्वतःवर प्रयोग केले, मग रुग्णांना औषध दिलं आणि १८७९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापले. या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो.

१८९६ मध्ये खुद्द नोबेललाही डॉक्टरांनी हेच औषध सांगितलं. लोक घाबरू नयेत म्हणून त्याला ‘ट्रायनायट्रिन’ म्हणत.

ते काम कसं करतं, हे कळायला आणखी शंभर वर्षं लागली. शरीरात त्यातून नायट्रिक ऑक्साइड सुटतो, शिरा सैलावतात, हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं आणि त्याचा भार हलका होतो. या शोधमालिकेला १९९८ चं नोबेल पारितोषिक मिळालं. सॉर्बिट्रेट म्हणजे आयसोसॉर्बाइड डायनायट्रेट, त्याच घराण्यातलं. गिळलं तर बरंचसं यकृतातच निकामी होतं, म्हणून तातडीच्या वेळी जिभेखाली.

पण ही गोळी कळ थांबवते, रक्तवाहिनीतला अडथळा तिने हटत नाही. तिच्या भरवशावर रोजची अ‍ॅस्पिरिन, स्टॅटिन परस्पर बंद करणारी माणसं पाहिली की जीव तुटतो. त्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नका, तंबाखू मात्र आजच सोडा. व्हायाग्रासारखं औषध घेतलं असेल तर सॉर्बिट्रेट घेऊ नका, रक्तदाब धोकादायक उतरतो. आणि गोळी घेऊन पाच मिनिटांत कळ कमी झाली नाही, तर वाट न बघता १०८ ला फोन करा.