विषाणू संगणकातले आणि भामटे फोनवरचे

११ ऑगस्ट २०१८, शनिवार. जगातील २८ देशांमधील एटीएम केंद्रांतून पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या नावावर नोटा बाहेर पडू लागल्या. पैसे काढणाऱ्यांच्या हातातील कार्डे बनावट होती. मात्र कार्ड खरे की खोटे, खात्यात शिल्लक आहे की नाही, हे तपासून होकार किंवा नकार देणारी यंत्रणाच चोरांनी बाजूला सारली होती आणि तिच्या जागी आपली तोतया यंत्रणा उभी केली होती. विचारणा आली की ती निमूटपणे होकार देत असे. पैसे काढणारे कोल्हापुरातही होते. १३ ऑगस्टला आणखी सुमारे १४ कोटी रुपये हाँगकाँगमधील एका खात्यात वळते झाले. एकूण सुमारे ९४ कोटी रुपये गेले. पुण्याच्या न्यायालयाने २०२३ मध्ये ११ जणांना दोषी ठरवले. ही मुख्यतः बनावट कार्डांनी पैसे काढणारी मंडळी होती.

ग्राहकांच्या खात्यांना या दरोड्यात धक्का लागला नाही. पैसा बँकेचा गेला. घरच्या संगणकावर किंवा मोबाइलवर असाच प्रकार घडतो तेव्हा मात्र पैसा आपला असतो. पद्धत फारशी वेगळी नसते. आधी एखादी घातक प्रणाली गुपचूप आत शिरते किंवा एखादा माणूस गोड बोलून विश्वास मिळवतो, आणि मग आपलेच यंत्र आपल्या वतीने होकार देऊ लागते.

विषाणूंचे कुळ

सर्वच घातक प्रणालींना आपण सरसकट 'व्हायरस' म्हणतो. जाणकार त्यांत भेद करतात. दुसऱ्या फाइलला चिकटून पसरतो तो विषाणू. कोणाच्याही मदतीवाचून जाळ्यातून एका संगणकावरून दुसऱ्यावर सरकतो तो 'वर्म', म्हणजे किडा. उपयोगी वस्तूचे सोंग घेऊन आत येतो तो 'ट्रोजन'. फाइलींना कुलूप लावून खंडणी मागतो तो 'रॅन्समवेअर'. सामान्य वापरकर्त्याने हे भेद पाठ केले नाहीत तरी चालेल. तो आत कोणत्या वाटेने येतो, एवढे कळले तरी पुरेसे आहे.

वैयक्तिक संगणकांवर पसरलेल्या पहिल्या विषाणूंपैकी 'ब्रेन' हा लाहोरच्या दोन भावांनी १९८६ मध्ये लिहिला. तो फ्लॉपीवरून पसरे. गंमत म्हणजे या दोघांनी त्यात आपली नावे, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांकही लिहून ठेवला होता. आजच्या गुन्हेगारांकडून एवढ्या प्रामाणिकपणाची अपेक्षा नाही. मे २००० मध्ये फिलिपाइन्समधून निघालेला 'आय लव्ह यू' ई-मेलमधील प्रेमपत्राच्या रूपाने आला आणि कुतूहलापोटी लक्षावधी लोकांनी ते पत्र उघडले. तेथे त्या वेळी अशा कृत्यासाठी लागू होईल असा कायदाच नव्हता, त्यामुळे तो लिहिणारा तरुण शिक्षेवाचून सुटला.

१२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' पसरला. दीडशेहून अधिक देशांतील संगणकांवरील फाइलींना त्याने कुलूप लावले आणि सोडवणुकीसाठी ३०० डॉलर बिटकॉइनच्या रूपात मागितले. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांतील शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. विंडोजमधील ज्या छिद्रातून तो शिरत होता, ते बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधी, उपलब्ध करून दिली होती. ज्यांनी ती बसवली ते वाचले. पुढच्याच महिन्यात, २७ जूनला, 'नॉटपेट्या'ने डेन्मार्कच्या मर्स्क कंपनीची यंत्रणा ठप्प केली आणि तिच्याच समूहाकडे असलेल्या उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम थांबले. युक्रेनमधील संगणकांवर सोडलेल्या विषाणूमुळे आपल्याकडे कंटेनरचे ट्रक खोळंबले.

संगणकासाठी

म्हणूनच, 'अपडेट उपलब्ध आहे' ही खिडकी उघडली की 'नंतर' हे बटण दाबण्याची सवय सर्वांत महाग पडते. विंडोज ७ ला मिळणारा आधार जानेवारी २०२० मध्ये संपला आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. आपला संगणक उत्तम चालत असेल, पण त्यातील नवी छिद्रे बुजवणारे कोणी उरले नसेल, तर त्यावरून बँकेचे व्यवहार करू नयेत.

विषाणुरोधक प्रणाली आवश्यक आहे. ती विकतचीच हवी असे नाही. विंडोज १० व ११ मध्ये 'डिफेंडर' मुळातच असतो आणि घरगुती वापराला तो बहुधा पुरतो. विकत घ्यायचीच तर पर्याय बरेच आहेत; पुण्यात संगणक दुरुस्तीच्या व्यवसायातून काटकर बंधूंनी उभे केलेले 'क्विक हील' त्यांपैकीच एक. मात्र दोन प्रणाली एकाच वेळी बसवल्या तर संरक्षण दुप्पट होत नाही, संगणक तेवढा मंदावतो. विकतच्या सॉफ्टवेअरची 'क्रॅक' केलेली फुकट प्रत उतरवून घेणे आणि मग तिच्यातील विषाणूसाठी संरक्षण शोधणे, हा प्रकार आपल्याकडे अजून बंद झालेला नाही. कुलूप तोडून देणारा माणूस परोपकारी असेल, असे का मानावे?

पेन ड्राइव्हचा अनुभव प्रस्तुत प्रतिनिधीने स्वतः घेतला आहे. पत्रकारितेच्या पदविकेचा प्रकल्प छापण्यासाठी एका दुकानातील संगणकाला पेन ड्राइव्ह जोडला आणि घरी येऊन पाहतो तो सर्व फोल्डरांच्या जागी शॉर्टकट! दुसऱ्या दिवशी प्रकल्प द्यायचा होता. मूळ फाइली नष्ट झाल्या नव्हत्या, केवळ लपवल्या गेल्या होत्या, हे एका मित्राने दाखवून देईपर्यंत रात्र सरली. त्या फाइलींची दुसरी प्रत कोठेही नव्हती, ही खरी चूक होती. महत्त्वाची कागदपत्रे, छायाचित्रे, हिशेब यांची एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्यावी आणि काम झाले की ती डिस्क संगणकापासून काढून ठेवावी. सतत जोडून ठेवलेल्या डिस्कला खंडणीखोर विषाणू तितक्याच सहजतेने कुलूप लावतो. अशी प्रत हाती असेल तर खंडणी देण्याचा प्रश्न येत नाही. आणि खंडणी दिल्यानंतर फाइली परत मिळतीलच, याची हमी कोणीही देत नाही.

लग्नपत्रिका की एपीके?

आज बहुतेकांचा खरा संगणक खिशात असतो, त्यामुळे चोरांचा मोर्चाही तिकडे वळला आहे. व्हॉट्सअॅपवर ओळखीच्या क्रमांकावरून लग्नपत्रिका येते, 'आरटीओ चलन' येते, बँकेची केवायसी अद्ययावत करण्याची सूचना येते किंवा सरकारी योजनेच्या लाभार्थींची यादी येते. फाइलच्या नावाच्या शेवटी 'एपीके' ही अक्षरे असतात. पत्रिका चित्र किंवा पीडीएफ असू शकते. एपीके हे अँड्रॉइड फोनवर बसवायचे अॅप असते. फोन विचारतो, 'अनोळखी ठिकाणाहून आलेले अॅप बसवू का?' घाईत आपण होकार देतो. मग अॅप लघुसंदेश वाचण्याची परवानगी मागते, काही अॅप्स 'अॅक्सेसिबिलिटी'चीही मागतात. ही दुसरी सोय दृष्टिहीन व अन्य दिव्यांग व्यक्तींना फोन वापरता यावा म्हणून आहे. ती मिळाली की पडद्यावर काय दिसते ते अॅपला कळते आणि आपल्या वतीने बटणेही दाबता येतात. त्यानंतर बँकेचा ओटीपी आपल्या फोनवर येतो आणि त्याच क्षणी चोरालाही पोहोचतो. आपण ओटीपी कोणाला 'सांगितलेला' नसतो, तरीही खाते रिकामे होते. तीच फाइल आपल्या क्रमांकावरून आपल्या आप्तेष्टांना जाते. म्हणून पाठवणारा ओळखीचा आहे, हा भरवसा येथे कामाचा नाही.

असे अॅप चुकून बसवले गेल्यास आधी फोनचे इंटरनेट बंद करावे, 'एअरप्लेन मोड' सुरू करावा आणि दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खाते व कार्ड गोठवावे. अॅप काढून टाकण्याचा खटाटोप त्यानंतर. कित्येकदा त्याचे चिन्ह लपवलेले असते. अशा वेळी गरजेच्या फाइली बाजूला काढून फोन मूळ स्थितीत आणणे हाच खात्रीचा उपाय. परवलीचे शब्द बदलायचे ते दुसऱ्या, स्वच्छ यंत्रावरून.

जेथे विषाणू लागतच नाही

बऱ्याच फसवणुकींत तंत्रज्ञान नावापुरते असते. 'आज रात्री वीजपुरवठा खंडित होईल' असा संदेश, 'तुम्हाला पैसे पाठवायचे आहेत, पिन टाका' अशी विनंती, महाजालावर शोधून सापडलेला कोण्या कंपनीचा 'ग्राहक सेवा' क्रमांक. यूपीआयचा पिन लागतो तो पैसे देताना किंवा शिल्लक पाहताना. पैसे घेताना कधीही नाही. बँकेचा क्रमांक कार्डाच्या मागील बाजूस छापलेला असतो, तोच वापरावा. रिझर्व्ह बँकेने भारतीय बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपली संकेतस्थळे 'डॉट बँक डॉट इन' या पत्त्यावर नेण्यास सांगितले होते. त्यामुळे पत्त्याचा शेवट पाहण्याची सवय आता उपयोगी पडेल. पडदा दुसऱ्याला दाखवणारी अॅप्स कोणा अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून बसवू नयेत.

'डिजिटल अटक' या प्रकाराने निवृत्त शिक्षक, डॉक्टर, बँक अधिकारी अशा सुशिक्षितांची आयुष्यभराची पुंजी नेली आहे. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले, तुमचे आधार काळा पैसा फिरवण्यासाठी वापरले गेले, असे सांगणारा फोन येतो. मग व्हिडिओ कॉलवर गणवेशातील 'अधिकारी' दिसतो, मागे पोलिस ठाण्याचा देखावा, कधी न्यायालयाचाही. कॅमेरा बंद करायचा नाही, खोलीबाहेर जायचे नाही आणि घरात कोणाला काही सांगायचे नाही, अशी ताकीद मिळते. 'चौकशीपुरते' पैसे एका खात्यात ठेवण्यास सांगितले जाते. भारतीय कायद्यात डिजिटल अटक नावाची गोष्टच नाही. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ रोजी 'मन की बात'मध्ये हेच सांगितले होते, तरीही फसणारे फसत राहिले. कारण हा खेळ अज्ञानापेक्षा भीतीवर चालतो. घरात कोणाला सांगू नका, हे वाक्य कानी पडताच फोन ठेवून पहिल्यांदा घरातल्याच माणसाला सांगावे. मुले परदेशी आणि आईवडील येथे एकटे, अशा घरांनी हे आधीच बोलून ठेवलेले बरे.

परवलीच्या शब्दाबद्दल थोडेच सांगायचे आहे. तो क्लिष्ट असण्यापेक्षा लांब असावा. एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द जोडले तरी चालतात. मात्र एकच शब्द सर्वत्र वापरू नये. एखाद्या दुकानाच्या संकेतस्थळावरून तो फुटला की चोर तोच ई-मेलवर आणि बँकेत लावून पाहतात. ई-मेलचे खाते सर्वाधिक जपावे, कारण इतर सर्व खात्यांच्या नव्या किल्ल्या तेथेच येतात. त्याला दुहेरी पडताळणी लावावी. ज्येष्ठांनी शब्द वहीत लिहून ती कपाटात ठेवली तर त्यांना हसू नये. परदेशातील चोराला ते कपाट उघडता येत नाही.

गुन्हा घडलाच तर

पैसे गेल्याचे लक्षात येताच १९३० हा क्रमांक फिरवावा. ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे. तक्रार नोंदवली की पैसा ज्या बँकेत गेला तेथे सूचना जाते आणि रक्कम पुढे सरकली नसेल तर ती रोखून धरता येते. चोर मात्र ती काही मिनिटांत अनेक भाड्याच्या खात्यांतून फिरवतात. म्हणून पहिला तास मोलाचा. प्रत्यक्षात हा तास लाजेत जातो. घरचे काय म्हणतील, या विचाराने कित्येक जण दोन-दोन दिवस गप्प बसतात. फसवणुकीतील अर्धे नुकसान हे मौन करते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावरही तक्रार करता येते. व्यवहाराचा क्रमांक, संदेश, चोराचा फोन क्रमांक, पडद्याची छायाचित्रे जपून ठेवावीत. रागाच्या भरात संभाषण पुसून टाकू नये. बँकेला लेखी कळवून पोच घ्यावी. रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ च्या परिपत्रकात असे तत्त्व घालून दिले, की दोष ग्राहकाचा किंवा बँकेचा नसून यंत्रणेत अन्यत्र असेल आणि ग्राहकाने तीन कामकाजी दिवसांत कळवले, तर त्याच्यावर भुर्दंड पडू नये. ग्राहकाने स्वतःच गुप्त तपशील दिले असतील तर कळवण्यापूर्वीचे नुकसान त्याचे, कळवल्यानंतरचे बँकेचे. म्हणजे चूक आपली असली तरीही कळवण्याची वेळ महत्त्वाची ठरते.

पोलिस ठाण्यात 'हे आमच्या हद्दीत येत नाही' असे उत्तर मिळाल्यास, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ कडे लक्ष वेधावे. हद्दीचा प्रश्न न आणता दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घेण्याची तरतूद त्यात आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालील तपास पोलिस निरीक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो. दुसऱ्याची ओळख चोरण्यासाठी ६६ सी आणि संगणकाच्या साह्याने तोतयेगिरी करून फसवण्यासाठी ६६ डी ही कलमे लागतात. दोन्हींत तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाखापर्यंत दंड आहे.

तक्रार नोंदवल्यानंतर काही दिवसांनी आणखी एक फोन येण्याची शक्यता असते. बोलणारा स्वतःला वकील किंवा सायबर शाखेचा कर्मचारी म्हणवतो, गेलेली रक्कम नेमकी सांगतो आणि ती परत मिळवून देण्यासाठी थोडे 'शुल्क' मागतो. फसलेल्यांच्या याद्या चोर एकमेकांना विकतात. १९३० वरील तक्रारीसाठी कोणतेही शुल्क नाही. पुढची चौकशी तक्रार क्रमांक घेऊन आपल्या पोलिस ठाण्यात जाऊनच करावी.