टर्बोचा दाब आणि उष्णतेचा हिशेब

सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचे खालचे टोक तापते, हे विद्यार्थ्यांच्या अनुभवाचे असते. आपली टर्बो मोटार अधिक वेगवान करून शर्यतीच्या मार्गावर उतरवणाऱ्या हौशी चालकांना नेमकी हीच उष्णता नडते. टर्बोचा इतिहासही बराचसा तिच्याशी झालेल्या झगड्याचा आहे.

इंजिनात जितकी जास्त हवा, तितके जास्त इंधन जळू शकते. बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंनी एक चक्र फिरवावे आणि त्याच दांड्यावरील दुसऱ्या चक्राने हवा दाबून इंजिनात भरावी, या कल्पनेचे पेटंट स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ मध्ये घेतले. १९१८ मध्ये सॅनफर्ड मॉस याने विमानाचे लिबर्टी इंजिन अमेरिकेतील पाइक्स पीक या सुमारे ४,३०० मीटर उंच शिखरावर नेऊन तपासले. सपाटीवर ३५० अश्वशक्ती देणारे हे इंजिन तेथील विरळ हवेत २३० वर घसरले. टर्बो जोडताच ३५६ वर पोचले.

१९६२ मध्ये ओल्ड्समोबाइल जेटफायर ही टर्बो मोटार बाजारात आली. दाबलेल्या गरम हवेत पेट्रोलचे मिश्रण ठिणगीची ज्योत पोचण्याआधीच पेटते. इंजिनातून ठोके ऐकू येतात आणि दट्ट्याला भोकही पडू शकते. यावर उपाय म्हणून जेटफायरमध्ये पाणी व मिथेनॉल यांचे मिश्रण फवारले जाई. पण अनेक मालक ती टाकी भरतच नसत. मग दाब आपोआप घटे आणि शक्तीही. १९६३ नंतर ही मोटार बंद झाली.

१९७७ मध्ये रेनोने दीड लिटरचे टर्बो इंजिन फॉर्म्युला वन शर्यतीत उतरवले. आरंभी ते वारंवार बंद पडे. १९७९ मध्ये मात्र फ्रान्समध्येच, दिजाँ येथे, त्याने पहिला विजय मिळवला.

पुढे टर्बो मोटारी सर्रास मिळू लागल्या आणि हौशी मंडळींना दाब वाढवण्याचा मोह पडला. काम सोपे दिसते. जादा वायू परस्पर बाहेर सोडणारी झडप उशिरा उघडू दिली की दाब चढतो. पण हिशेब करून पाहा. ३० अंश सेल्सियसची हवा दुप्पट दाबाला नेली, तर उष्णतेची देवाणघेवाण नसलेल्या आदर्श स्थितीतही ती सुमारे ९६ अंशांवर जाते. दाबयंत्राची कार्यक्षमता ७० टक्के धरल्यास सुमारे १२५ अंश होतात. रस्त्यावर पूर्ण दाब काही सेकंदच टिकतो. शर्यतीच्या मार्गावर तो फेरीमागून फेरी, पुन्हापुन्हा लागतो. हवा थंड करणारा इंटरकूलरच तापतो, वंगण पातळ होते. म्हणून जाणकार आधी इंटरकूलर, इंधनपुरवठा आणि तेलाचे शीतन सुधारतात, तापमापक बसवतात आणि मगच दाबाला हात घालतात. शेवटची फेरी ते सावकाश मारतात, कारण तप्त टर्बो एकदम थांबवला तर बेअरिंगमधले तेल करपते.

दाब वाढवला की तापमान का वाढते, हा प्रश्न वर्गात पंपापासूनच सुरू करावा.