गॅस गिझर (भाड्याच्या घरातील)

गॅस गिझर : नळातून वाहते पाणी गॅसच्या ज्योतीवर जागच्या जागी तापवणारे, भिंतीवर टांगायचे घरगुती उपकरण. त्यात पाणी साठत नाही. नळ सोडला की पाण्याच्या दाबाने आतला रबरी पडदा सरकतो, दोन सेलच्या जोरावर ठिणगी पडते, बर्नर पेटतो आणि तांब्याच्या नळीतून फिरता फिरता पाणी तापते. पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत त्याला ‘बॉयलर’ फारसे कुणी म्हणत नाही. तो शब्द इथे आधीच दोन ठिकाणी गुंतलेला आहे. साखर कारखान्यात हंगामाआधी ‘बॉयलर अग्निप्रदीपन’ होते, आणि चिकनच्या दुकानात ब्रॉयलर कोंबडीचे सर्रास ‘बॉयलर’ झालेले आहे.

प्रस्तुत नोंद या उपकरणाच्या एका अवस्थेपुरती आहे : घरमालकाने कधीकाळी बसवलेला, तीन-चार भाडेकरू पाहिलेला आणि नीट कुणी करायचा हे कधीच न ठरलेला गिझर.

‘गिझर’ हे नाव आइसलंडमधल्या ‘गेसिर’ या उसळत्या गरम पाण्याच्या झऱ्यावरून आले. लंडनमध्ये सजावटीचे रंगकाम करणाऱ्या बेंजामिन वॅडी मॉन याने १८६८ साली गॅसवर पाणी तापवणारे यंत्र काढले आणि त्याला हे नाव दिले. त्या यंत्राला धूर बाहेर नेणारे धुराडे नव्हते. जळलेला वायू न्हाणीतच राहायचा. म्हणजे आज मंचरच्या एखाद्या खोलीत जो दोष आढळतो, तो या उपकरणाच्या जन्मापासूनचा आहे.

त्याआधी इथले काम तांब्याचा बंब करी. मधोमध जाळाची नळी, भोवती पाणी, खाली राखेची जाळी. बंब परसात किंवा न्हाणीच्या दाराशी पेटे, आणि पाणी बादलीने आत येई. त्याच्या निखाऱ्यांतूनही विषारी वायू निघेच. पण आधी डोळे झोंबत, खोकला येई आणि माणूस आपसूक दूर सरके. (पोर्तुगीज ‘बोंबा’वरून आलेला मानला जाणारा हाच शब्द आग विझवणाऱ्या गाडीलाही चिकटला, हा भाषेचा गमतीदार खेळ.) गिझरने जाळ न्हाणीच्या आत नेला आणि धुराची ती उपयुक्त कटकट बंद केली.

या दोन तालुक्यांत भाड्याच्या खोल्यांना गिऱ्हाईक भरपूर. अवसरी खुर्द येथे २००९ मध्ये शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. घोडेगाव हे आंबेगावचे तालुक्याचे ठिकाण, तर मंचर ही तिथली मोठी बाजारपेठ. नारायणगावात टोमॅटोच्या हंगामात बाहेरगावचे व्यापारी मुक्कामाला येतात, आणि आळेफाट्यावर पुणे-नाशिक रस्त्याची वर्दळ असते. बदलीवर आलेले शिक्षक, बँकेतले कारकून, परिचारिका आणि विद्यार्थी असा हा भाडेकरूंचा वर्ग. शिवनेरीच्या पायथ्याचा हिवाळा बोचरा असतो. सकाळी गार पाण्याने आंघोळ करणे हे व्रतच ठरते. विजेचा गिझर लावला की मीटरवरून मालक-भाडेकरूंची जुंपते. छतावर सोलर असले तरी त्याची नळी बहुधा मालकाच्या मजल्यापाशी थांबते. गॅस गिझरचा खर्च मात्र ज्याची टाकी त्याच्या माथी. हिशेब सुटसुटीत असल्याने तो दोघांनाही परवडतो.

थंडी वाढली की आणखी एक गोष्ट होते. न्हाणीच्या झडपेच्या खिडकीला पुठ्ठा किंवा थर्माकोल लागतो. वारा बंद होतो, आडोसाही होतो. गिझरला लागणारी हवासुद्धा त्याच खिडकीतून येत होती, हे पुठ्ठा लावणाऱ्याच्या ध्यानात नसते.

‘गॅस लीक होणे’ या शब्दप्रयोगाने या विषयात बराच घोटाळा केला आहे. जुन्या गिझरपासून दोन वेगळे वायू माणसाच्या जिवावर उठतात. त्यांची वागणूक वेगळी आणि त्यांवरचे उपायही वेगळे. लोकांना माहीत असतो तो पहिलाच.

पहिला म्हणजे न जळलेला गॅस, टाकीतला एलपीजी. हे प्रोपेन व ब्यूटेन यांचे मिश्रण. त्याला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. ओळखू यावा म्हणून त्यात इथिल मरकॅप्टन हे दुर्गंधी द्रव्य मुद्दाम मिसळतात. हा वायू हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो, म्हणून जमिनीलगत पसरतो, मोरीत उतरतो, पलंगाखाली साठतो. पुण्या-मुंबईत नळाने येणारा नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका असतो आणि छताकडे जातो. त्यामुळे शहरातल्या नातेवाइकाने फोनवर दिलेला ‘वरची झडप उघडा’ हा सल्ला टाकीच्या गॅसला पुरत नाही. इथे दार सताड उघडावे लागते. शिवाय तळघर असेल तर तिकडे फिरकायचे नाही.

हवेत साधारण २ ते ९ टक्के एलपीजी मिसळला की तो ठिणगीने पेटतो. पाच फूट बाय सहा फुटांची, आठ फूट उंचीची न्हाणी घेतली तर तिच्यात पावणेसात घनमीटरच्या आसपास हवा मावते. ती स्फोटक व्हायला ढोबळमानाने ३०० ग्रॅम गॅस पुरतो. घरगुती टाकीत १४.२ किलो असतो.

दुसरा वायू कार्बन मोनॉक्साइड. हा टाकीतून गळत नाही, तो ज्योतीत तयार होतो. हवा पुरेशी असेल तर गॅस पूर्ण जळून कार्बन डायऑक्साइड आणि वाफ होते. हवा कमी पडली की जळण अर्धवट राहते आणि कार्बन मोनॉक्साइड निघू लागतो. मिनिटाला सहा लिटर पाणी तापवणारा गिझर दहा मिनिटांत साधारण दीडशे ग्रॅम गॅस जाळतो, आणि तेवढ्यासाठी वर सांगितलेल्या न्हाणीतल्या हवेचा जवळपास चौथा हिस्सा त्याला लागतो. दोन माणसे पाठोपाठ आंघोळीला गेली, दार-खिडकी बंद, बाहेर हवा टाकणारा पंखा नाही, तर पुढचे गणित वेगळे मांडायला नको. या वायूला रंग नाही, वास नाही. हवेपेक्षा तो किंचित हलका, म्हणून खोलीभर सारखा मिसळतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो. आधी डोके जड होते, मळमळते, मग पायांतले बळ जाते. कडी समोर दिसत असूनही ती काढता येत नाही.

भारतीय मेंदूविकारतज्ज्ञांच्या लेखनात ‘गॅस गिझर सिंड्रोम’ हे नाव आढळते. न्हाणीत बेशुद्ध पडलेल्या किंवा झटके आलेल्या रुग्णांना मिरगी असल्याचा समज होई. खोदून विचारल्यावर गिझरचा उलगडा होई. मार्च २०२३ मध्ये धुळवडीनंतर मुंबईत घाटकोपरला एक दांपत्य न्हाणीत मृतावस्थेत सापडले, तेव्हाही पहिला संशय गॅस गिझरवरच गेला आणि वर्तमानपत्रांनी काही दिवस हा विषय लावून धरला. पुढल्या हिवाळ्यात पुठ्ठे पुन्हा लागले असतील.

जुनेपणाची लक्षणे वेळेवर दिसतात, फक्त ती पाहायची सवय हवी. निळी ज्योत टोकाला पिवळी पडते. गिझरच्या वरच्या भिंतीवर काजळीचा पट्टा उमटतो. पेटताना ‘धप्’ असा आवाज येतो. याचा अर्थ ठिणगी उशिरा पडली आणि तोवर गॅस जमला. बोअरच्या जड पाण्याचे क्षार तांब्याच्या नळीत बसतात, तिच्या पंखांत काजळी अडकते, आणि जळलेल्या वायूला वर जायची वाट अरुंद होते. रबरी पडदा कडक झाला तर नळ बंद केल्यावरही बर्नर क्षणभर जळत राहतो. हे शेवटचे लक्षण दिसले की गिझर वापरायचाच नाही. नुसते सेल बदलून भागत नाही, जरी बहुतेक ठिकाणी दुरुस्ती म्हणून तेवढेच होते.

नळीचे वय वेगळे मोजावे लागते. तारेची जाळी असलेल्या नारिंगी ‘सुरक्षा’ नळीवर तारीख छापलेली असते आणि पाच वर्षांनी ती बदलायची असते. धान्याची पोती असलेल्या घरात उंदीर असतात आणि त्यांना नळी कुरतडायला आवडते. जाळी मुख्यतः त्यांच्यासाठीच आहे म्हटले तरी चालेल. बऱ्याच खोल्यांत एकाच रेग्युलेटरवर ‘टी’ बसवून एक फाटा शेगडीला आणि दुसरा गिझरला दिलेला असतो. प्रत्येक सांधा ही गळतीची नवी जागा. सांधे तपासायला साबणाचा फेस लावतात, बुडबुडा आला की गळती. काडी ओढून बघणारे अजून आहेत. टाकीच्या कड्याजवळच्या पट्टीवर ‘सी-२७’ असे काही लिहिलेले असते. ए, बी, सी, डी म्हणजे वर्षाच्या चार तिमाह्या. तेव्हा ही टाकी सप्टेंबर २०२७ पर्यंत फेरतपासणीला जायला हवी.

वास आला तर आधी रेग्युलेटर बंद करून काढायचा आणि टाकीला दोरीने बांधलेले टोपण वर घट्ट बसवायचे. देवघरातला दिवा, उदबत्ती, शेगडी विझवायची. विजेचे कोणतेही बटण दाबायचे नाही. चालू असलेला दिवा बंद करतानाही ठिणगी पडते. दारे उघडून अंगणात यायचे आणि तिथून १९०६ वर फोन करायचा. एलपीजी गळतीसाठीची ही सेवा देशभर, चोवीस तास चालते. न्हाणीतून हाकेला ओ येत नसेल, तर मात्र वास येण्याची वाट पाहायची नसते. दार उघडून माणसाला मोकळ्या हवेत ओढायचे आणि १०८ ची रुग्णवाहिका बोलवायची.

मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात न्या किंवा जुन्नरच्या एखाद्या दवाखान्यात, डॉक्टरांना ‘गॅस गिझर चालू होता’ हे वाक्य सर्वांत आधी सांगणे मोलाचे ठरते. कारण करोनाच्या काळात घरोघरी आलेला बोटाचा ऑक्सिमीटर इथे फसतो. कार्बन मोनॉक्साइड धरलेले हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनवालेच वाटते आणि गुदमरलेल्या माणसाच्या बोटावरही तो ९८ दाखवू शकतो. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार ते सहा तास लागतात, मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर साधारण दीड तास.

आता जबाबदारीचा प्रश्न. जुन्नर तालुक्यातील निवृत्तीनगरचा विघ्नहर आणि आंबेगावातील पारगावचा भीमाशंकर या दोन्ही सहकारी साखर कारखान्यांचे बॉयलर कायद्याच्या नजरेखाली असतात. १९२३ चा बॉयलर कायदा आणि त्याची जागा घेण्यासाठी २०२५ मध्ये संसदेने संमत केलेला नवा कायदा, दोन्हींत तपासणी व प्रमाणपत्राची सक्ती आहे. न्हाणीतला गिझर त्या व्याख्येत बसत नाही. त्यात वाफ साठत नाही आणि पाणीही. ब्रिटनमध्ये घरगुती बॉयलरलाही सूट नाही. तिथल्या १९९८ च्या नियमांनुसार घरमालकाने दर बारा महिन्यांनी नोंदणीकृत गॅस तंत्रज्ञाकडून तपासणी करवून तिची प्रत २८ दिवसांत भाडेकरूला द्यायची असते. लेस्टर किंवा लंडनमध्ये शिकायला गेलेल्या मराठी मुलांच्या हाती घराच्या किल्लीसोबत हा कागदही पडतो.

इकडे अकरा महिन्यांच्या करारात पंखे मोजलेले असतात, ट्यूबलाइट मोजलेल्या असतात, ‘गिझर १ नग’ असेही लिहिलेले असते. तो कोणत्या सालचा, हे नसते. मालक म्हणतो, वापरतो तो बघेल. भाडेकरू म्हणतो, वस्तू मालकाची. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ मध्ये या भांडणाला थोडी वाट आहे. कलम १४ नुसार जागा चांगल्या स्थितीत ठेवणे हे घरमालकाचे कर्तव्य असून, नोटीस दिल्यावर पंधरा दिवसांत त्याने दुरुस्ती केली नाही तर भाडेकरू ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मर्यादा वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्याची. महिना ४,००० रुपये भाडे धरले तर ती १२,००० रुपये होते. गिझर न्हाणीबाहेरच्या भिंतीवर हलवणे, नवी नळी टाकणे आणि खिडकीत पंखा बसवणे एवढे काम त्यात बसायला हरकत नाही. अडचण दोन ठिकाणी येते. गिझरसारखी वस्तू ‘जागे’त मोडते की नाही यावर वाद घालता येतो, म्हणून करारातच तसे लिहून घेणे बरे. आणि हा कायदा त्याच्या अनुसूचींत नोंदलेल्या क्षेत्रांनाच लागू होतो. तेव्हा जुन्नर शहरातल्या खोलीचे उत्तर अवसरीतल्या खोलीला जसेच्या तसे लावण्याआधी ती यादी उघडून पाहावी लागते.