नवीन मोबाईल घेताना आधी काय बघायचं : बॅटरी की स्टोरेज?

मोबाईल घ्यायचा म्हटलं की दुकानात आधी कॅमेरा दाखवला जातो, मग रंग, मग ऑफर. पण दोन वर्षांनी आपली तक्रार कॅमेऱ्याची नसते. एक तर ‘चार्जिंग टिकत नाही’, नाही तर ‘मेमरी फुल्ल झाली, मोबाईल हँग होतो’. म्हणून या लेखात आम्ही फक्त या दोनच गोष्टींचा हिशोब मांडतो आहोत. सालेकसा, आमगाव, देवरीकडच्या आपल्या वाचकांना आणि हज-उमराहच्या तयारीत असलेल्या घरांना तो उपयोगी पडेल, इन्शाअल्लाह.

आपल्या भागात हा प्रश्न वेगळा का?

नागपूर-मुंबईत राहणाऱ्याला प्रत्येक मजल्यावर प्लग आणि प्रत्येक चौकात टॉवर असतो. सालेकसा तालुका गोंदिया जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, छत्तीसगडच्या सीमेवरचा, जंगल आणि डोंगरांचा. हावडा-मुंबई रेल्वेमार्गावर सालेकसा आणि दरेकसा ही स्टेशनं आहेत, पण स्टेशनापासून आत गेलं की सिग्नलच्या दांड्या कमी होत जातात. याचा थेट परिणाम बॅटरीवर होतो. टॉवर लांब असेल तर मोबाईल जास्त ताकदीने सिग्नल पाठवतो आणि नेटवर्क पुन्हा पुन्हा शोधत राहतो. मोबाईल खिशातच असला तरी चार्जिंग उतरतं. गावात दिवसभर टिकणारा मोबाईल हाजरा फॉलकडे गेल्यावर दुपारीच २० टक्क्यांवर येतो, तो बिघडलेला असतोच असं नाही.

दुसरं कारण उन्हाचं. विदर्भात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो. लिथियम बॅटरीला उष्णता सोसत नाही. ॲपल कंपनी तिच्या मोबाईलसाठी ० ते ३५ अंश ही वापराची मर्यादा सांगते, आणि त्यावरच्या उष्णतेत बॅटरीची क्षमता कायमची कमी होऊ शकते असंही सांगते. इतर कंपन्यांच्या बॅटऱ्याही याच जातीच्या असतात. म्हणून उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर मोबाईल ठेवू नका आणि उशीखाली ठेवून चार्ज करू नका.

तिसरं कारण पावसाळ्याचं. वारा-पाऊस सुटला की लाईट जाते, ती कधी येईल याचा भरवसा नसतो. त्या रात्री मोबाईल म्हणजे टॉर्च, सेहरीचा अलार्म आणि दवाखान्यात नेण्यासाठी गाडी बोलावण्याचं साधन.

बॅटरी : नुसता आकडा बघून फसू नका

डब्यावर ५००० एमएएच लिहिलेलं असतं. ती टाकी किती मोठी आहे एवढंच त्यातून कळतं, गाडी किती ॲव्हरेज देते ते कळत नाही. ॲव्हरेज ठरतं ते प्रोसेसर, स्क्रीन आणि नेटवर्कवर. ४ किंवा ६ नॅनोमीटरचा प्रोसेसर जुन्या १२ नॅनोमीटरच्या प्रोसेसरपेक्षा त्याच कामाला कमी वीज घेतो. १२० हर्ट्झची स्क्रीन सरकायला छान वाटते, पण बॅटरी जास्त खाते. सेटिंगमध्ये जाऊन ती ६० वर आणता येते. ॲमोलेड स्क्रीन असेल तर डार्क मोडमध्ये फायदा होतो, कारण काळा भाग दाखवताना तिथले दिवे बंद असतात. साध्या एलसीडीत तो फायदा मिळत नाही. ५जी नीट पोचत नसेल तिथे मोबाईल ४जीवर ठेवला की चार्जिंग जास्त टिकतं.

आता खरा हिशोब. बॅटरी दरवर्षी झिजते. युरोपियन युनियनने २० जून २०२५ पासून नियम लागू केला की तिथे विकल्या जाणाऱ्या मोबाईलची बॅटरी ८०० वेळा पूर्ण चार्ज झाल्यावरही निदान ८० टक्के क्षमता राखणारी हवी. रोज एक चार्ज धरला तर ८०० वेळा म्हणजे सव्वादोन वर्षांच्या आसपास. म्हणून नवीन मोबाईल आजच्या गरजेएवढा नको, तिसऱ्या वर्षाच्या गरजेएवढा हवा. आज तुमचा दिवस ४००० एमएएचमध्ये जेमतेम निघत असेल तर ५००० चा घ्या, कारण ५००० चे ८० टक्के म्हणजे बरोबर ४०००. आता मधल्या किमतीतही ६००० ते ७००० एमएएचचे मोबाईल मिळू लागले आहेत. दिवसभर घराबाहेर असणाऱ्यांनी त्यांचा विचार जरूर करावा.

स्टोरेज : ६४ जीबी म्हणजे ६४ जीबी नव्हे

डब्यावरच्या ६४ जीबीतले १५ ते २० जीबी, कधी त्याहून जास्त, कंपनीची सिस्टीम आणि आधीच भरलेली ॲप घेतात. हातात उरतात चाळीस-पंचेचाळीस. त्यात व्हॉट्सॲप, यूपीआय, बँक, शिष्यवृत्तीच्या फॉर्मची कागदपत्रं आणि मुलांचे व्हिडिओ.

कशाला किती जागा लागते ते एकदा समजून घेऊ. फुल एचडी व्हिडिओचा एक मिनिट साधारण ६० ते १३० एमबी घेतो, ४के असेल तर १७० ते ३५०. म्हणजे निकाहचा अर्ध्या तासाचा ४के व्हिडिओ ५ ते १० जीबी खातो. नेट नसतानाही ऐकता यावी म्हणून पूर्ण कुरआनची तिलावत अनेक जण डाउनलोड करून ठेवतात. ती साधारण ३० तासांची धरली तर १२८ केबीपीएसच्या ऑडिओला सुमारे पावणेदोन जीबी लागतात, ६४ केबीपीएसला त्याच्या निम्मे. म्हणजे मोबाईल भरतो तो तिलावतीने नव्हे, व्हिडिओंनी आणि ग्रुपवरच्या फॉरवर्डने.

आता चार वर्षांचा हिशोब. समजा आज तुमचा स्वतःचा डेटा ३० जीबी आहे आणि दर महिन्याला १ जीबी वाढतो. चार वर्षांत ४८ वाढले, एकूण ७८. सिस्टीमचे २२ धरा, झाले १००. मोबाईल सुरळीत चालायला पंधराएक टक्के जागा रिकामी हवी, नाही तर तो मंद होतो आणि सुरक्षा अपडेटही अडकतात. म्हणजे गरज ११८ जीबीच्या घरात जाते. १२८ जीबीचा मोबाईल यात जेमतेम बसतो, ६४ चा दुसऱ्याच वर्षी अडतो. तुमचा आकडा वेगळा असेल. जुन्या मोबाईलच्या सेटिंगमध्ये ‘स्टोरेज’ उघडा आणि असाच हिशोब कागदावर करा.

दोन गोष्टी दुकानात हमखास विचारा. पहिली : ‘४ + ४ जीबी रॅम’ असं लिहिलं असेल तर त्यातली दुसरी ४ खरी रॅम नाही, ती तुमच्याच स्टोरेजमधून उसनी घेतलेली जागा आहे. दुसरी : मेमरी कार्डासाठी वेगळी जागा आहे का? अनेक मोबाईलमध्ये एकाच खाचेत दुसरं सिम किंवा कार्ड, दोन्हींपैकी एकच बसतं. कार्डावर फोटो-व्हिडिओ जातात, बहुतेक ॲप जात नाहीत. आणि शे-दोनशे रुपयांत मिळणारं ‘१ टीबी’ कार्ड नकली असतं. त्यावर टाकलेले फोटो परत मिळत नाहीत.

‘गूगलवर ठेवू की’ असं बरेच जण म्हणतात. गूगल १५ जीबी मोफत देतं, पण ते जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून. १ जून २०२१ पासून नवीन फोटोही त्यातच मोजले जातात, आणि आता अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲप बॅकअपही. नेट नसेल तिथे क्लाउडचा तसाही उपयोग नाही.

पैसे मर्यादित असतील तर कोणत्या बाजूला झुकायचं?

आमचं मत सरळ आहे. बॅटरी नंतर बदलता येते, पॉवर बँक सोबत ठेवता येते. आतलं स्टोरेज मात्र बोर्डावर डकवलेलं असतं, ते नंतर वाढवता येत नाही. म्हणून दोन मोबाईल किमतीला सारखे असतील आणि एकात १००० एमएएच जास्त, दुसऱ्यात दुप्पट स्टोरेज असेल, तर बहुतेक घरांनी स्टोरेज घ्यावं.

पण हा नियम सगळ्यांना लागू नाही.

*शेतकरी :* ई-पीक पाहणीला शेतात उभं राहून पिकाचा फोटो घ्यावा लागतो. जीपीएस, कॅमेरा आणि उन्हात पूर्ण उजेडावर ठेवलेली स्क्रीन, तिन्ही एकाच वेळी बॅटरी खातात. जंगलाकडच्या गावात राहत असाल तर बॅटरी आधी, आणि कार्डाची वेगळी खाच असलेला मोबाईल घ्या.

*विद्यार्थी :* लेक्चरचे व्हिडिओ, पीडीएफ, फॉर्म. १२८ जीबी ही किमान पातळी समजा. रात्री अभ्यासाला प्लग मिळतो, म्हणून स्टोरेज आधी.

*दुकानदार :* यूपीआय चालणारा मोबाईल संध्याकाळी सहाला बंद पडला तर गिऱ्हाईक जातं. दुकानात प्लग आहे, तेव्हा साधा ५००० एमएएच पुरतो. पण चार्जर चांगला ठेवा.

*घरातले बुजुर्ग :* ॲप कमी, फोन जास्त. त्यांना मोठी बॅटरी द्या म्हणजे रोज चार्जिंगची आठवण करून द्यावी लागत नाही. त्यांच्या व्हॉट्सॲपचं मीडिया ऑटो डाउनलोड बंद करून द्या, मोबाईल भरण्याचं सर्वात मोठं कारण तिथेच संपतं.

हज-उमराहला जाणाऱ्यांसाठी खास

विदर्भातल्या आझमीने-हजसाठी नागपूर हे प्रस्थान केंद्र आहे. भारत सरकारने मार्च २०२४ मध्ये हज सुविधा ॲप सुरू केलं. सौदीत रियाझुल जन्नाहमध्ये नमाजसाठी नुसुक ॲपवर वेळ घ्यावी लागते. म्हणजे मोबाईल बंद पडणं ही तिथे नुसती गैरसोय राहत नाही. सोबत्यांपासून चुकामूक झाली तर इमारतीचा पत्ता, ग्रुपचा नंबर, सगळं त्यातच असतं. त्यात गर्मी : जून २०२४ च्या हजमध्ये मक्केत पारा ५१.८ अंशांवर गेला होता. तेवढ्या उन्हात मोबाईल स्वतःच गरम होऊन चार्जिंग थांबवतो.

त्यामुळे निघण्याआधी पुढची कामं करा :

– मोबाईलमध्ये निदान २० जीबी रिकामी जागा ठेवा. जुने व्हिडिओ घरच्या कॉम्प्युटरवर किंवा पेन ड्राइव्हवर काढा.

– दुआ, नकाशा आणि तिलावत आधीच डाउनलोड करा.

– पॉवर बँक हातातल्या बॅगेतच ठेवा. चेक-इनच्या बॅगेत ती चालत नाही. १०० वॉट-अवरपर्यंतची पॉवर बँक सहसा चालते, १०० ते १६० साठी एअरलाइनची परवानगी लागते. हिशोब सोपा आहे : २०,००० एमएएच म्हणजे ३.७ व्होल्टने ७४ वॉट-अवर, ती नियमात बसते. आकडा पुसलेली पॉवर बँक नेऊ नका, तपासणीत अडवली जाऊ शकते. विमानात ती वापरण्याबद्दल एअरलाइनचा नियम विचारून घ्या.

– २०,००० च्या पॉवर बँकेतून ५००० चा मोबाईल चार वेळा नव्हे, तीनेक वेळा भरतो. बाकीची वीज वाटेत वाया जाते.

– पासपोर्टची झेरॉक्स, इमारतीचा पत्ता आणि दोन फोन नंबर कागदावर लिहून गळ्यातल्या पिशवीत ठेवा. कागदाला चार्जिंग लागत नाही.

जुना मोबाईल घेत असाल तर

सेकंड हँडमध्ये स्टोरेज दिसतं, बॅटरीची झीज दिसत नाही. दुकानातच १५ मिनिटं व्हिडिओ चालवून बघा, टक्के भराभर उतरले तर बॅटरी बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करायला सांगा. मागचं झाकण फुगलेलं असेल तर तो मोबाईल घेऊच नका, फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते. *#06# दाबून आयएमईआय नंबर काढा आणि मराठीत नव्हे तर इंग्रजी मोठ्या लिपीत KYM, मग जागा सोडून तो नंबर लिहून १४४२२ वर एसएमएस करा. मोबाईल चोरीचा म्हणून ब्लॉक आहे का ते कळतं. हीच सोय संचार साथी पोर्टलवरही आहे.

हप्त्यांबद्दल एक गोष्ट

१२८ ऐवजी २५६ जीबी घ्यावा म्हणून अनेक जण हप्त्यांकडे वळतात. ‘नो कॉस्ट’ हा शब्द ऐकून निर्धास्त होऊ नका. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज अशी गोष्ट प्रत्यक्षात नसते, व्याज बहुतेक वेळा प्रोसेसिंग फीमध्ये किंवा सोडलेल्या डिस्काउंटमध्ये लपलेलं असतं. रोखीची किंमत आणि हप्त्यांची एकूण बेरीज दोन्ही लिहून घ्या. फरक असेल तर सही करण्याआधी आपल्या आलिमांना विचारा. चार महिने थांबून रोखीने घेतलेला १२८ जीबीचा मोबाईल व्याजात अडकून घेतलेल्या २५६ पेक्षा बरा.

आणि शेवटचं : चालू मोबाईलची फक्त बॅटरी थकली असेल आणि कंपनीचे सुरक्षा अपडेट अजून येत असतील, तर आधी सर्व्हिस सेंटरला बॅटरी बदलण्याचा दर विचारा. गरज नसताना नवीन घेणं हाही इसराफच आहे. वाचलेल्या पैशात मुलीची वर्षाची पुस्तकं येतात.