नाव, गाव आणि क्रमांक

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यात मेंढा नावाचे गोंडांचे गाव आहे. त्याचा उल्लेख बहुधा ‘मेंढा (लेखा)’ असा होतो. मेंढा नावाची गावे एकाहून अधिक. म्हणून शेजारच्या लेखा गावाचे नाव कंसात आले. चंद्रपूर-गडचिरोलीकडे गावांच्या नावांना जोडलेले माल, चक, तुकूम हे शब्दही पुष्कळदा अशीच वेगळी ओळख पटवतात.

एडगर कॉड यांनी १९७० साली डेटाबेसचे रिलेशनल प्रारूप मांडले. तक्त्यातील एक ओळ दुसरीपासून निर्विवादपणे वेगळी ओळखण्याच्या साधनाला त्यांनी ‘प्रायमरी की’ म्हटले. अशी चावी म्हणून नावच का वापरू नये? उत्तर या जिल्ह्यांच्या इतिहासात आहे. १९६४ च्या सुमारास चांद्याचे चंद्रपूर झाले. २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्यातून गडचिरोली वेगळा निघाला. गावे जागची हलली नाहीत, पण त्यांचे जिल्हे बदलले. जिल्हा आणि गाव यांची नावे मिळून चावी केली असती, तर तिच्यावर विसंबलेला प्रत्येक तक्ता दुरुस्त करावा लागला असता. म्हणून अनेकदा स्वतःचा काहीही अर्थ नसलेला क्रमांक निवडला जातो. अर्थच नसल्याने तो बदलण्याचे कारण उरत नाही.

गॅविन किंग यांनी २००१ साली सुरू केलेल्या हायबरनेटसारख्या ऑब्जेक्ट-रिलेशनल मॅपिंगच्या साधनांत या चावीवर आणखी एक जबाबदारी येते. प्रोग्रामच्या स्मृतीत ऑब्जेक्टची ओळख त्याच्या जागेवरून ठरते, तक्त्यात चावीवरून. या दोन ओळखींचा मेळ घालण्यासाठी हायबरनेट एका सत्रात एका चावीमागे एकच ऑब्जेक्ट ठेवते. तेच गाव दोनदा मागवले, तरी दोन प्रती हाती येत नाहीत. क्रमांक डेटाबेसने द्यायचा असेल, तर नवा ऑब्जेक्ट जतन होईपर्यंत क्रमांकाविना असतो. तो अस्तित्वात असतो. दप्तराला मात्र ठाऊक नसतो.

मेंढ्याचे त्याच्या जंगलाशी असलेले नाते काहीसे असेच होते. वनहक्क कायदा २००६ साली झाला आणि २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरील गावाचा सामूहिक हक्क कागदावर आला. कायद्याच्या नावातच हक्कांची ‘मान्यता’ हा शब्द आहे, निर्मिती नव्हे. चावी नोंदीला ओळख देते. ज्याची नोंद करायची, ते बहुतेक वेळा तिच्या आधीपासून असते. दप्तर लिहिणाऱ्याने, मग ते वहीत असो वा संगणकात, हा क्रम विसरू नये.