अवतार नावाचा पतंग

या मालेत आपण राजे, लढाया, तह यांच्याविषयी पुष्कळ बोललो. आज विषय इवलासा आहे: न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरचा एक छोटा डोंगरी पतंग. म्हणजे उडवायचा पतंग नव्हे, फुलपाखराचा भाऊबंद. त्याचं शास्त्रीय नाव ‘आर्क्टेस्थेस अवतार’. नाव ऐकून आपले कान टवकारले ना? आमचेही टवकारले होते. पण त्याकडे नंतर येऊ.

आधी जागा पाहू. ब्युलर भागात डेनिस्टनचं पठार आहे. समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या वर, वालुकाश्माचं, भरपूर पावसाचं. मातीचा थर इतका पातळ की झाडं खुरटी राहतात, मध्ये गवताळ पाणथळ पट्टे. साताऱ्याजवळचं आपलं कास ज्यांनी पाहिलंय, त्यांना थोडी कल्पना येईल. पण डेनिस्टनच्या पोटात उत्तम दगडी कोळसा आहे, आणि तिथला इतिहास त्यानेच घडवला.

कोळसा खाली आणायचा कसा, हा मोठा प्रश्न होता. त्यासाठी १८७९ मध्ये उतारावरून दोरखंडाची रेल्वे सुरू झाली. साधारण पावणेदोन किलोमीटरमध्ये ती ५१८ मीटर खाली उतरायची. इंजिन नाहीच. भरलेली वाघीण आपल्या वजनाने खाली जायची आणि रिकामीला वर ओढायची. सुरुवातीची काही वर्षं वर जायला धड रस्ता नव्हता, त्यामुळे बायकापोरंसुद्धा त्या रिकाम्या वाघिणीत बसून वर गेली. वर गाव वसलं. १९६७ साली ही रेल्वे बंद पडेपर्यंत सुमारे एक कोटी तीस लाख टन कोळसा तिच्यावरून उतरला.

या पतंगाची भावंडं तोवर शास्त्राला ठाऊक झाली होती. पहिल्या जातीचं वर्णन १८७७ मध्ये ब्रिटिश म्युझियममधल्या आर्थर बटलर यांनी केलं. दुसरीचं १९०८ मध्ये जॉर्ज हडसन यांनी. हे हडसन वेलिंग्टनच्या टपाल खात्यात नोकरीला. कामावरून सुटल्यावर कीटक गोळा करायला उजेड मिळावा, म्हणून उन्हाळ्यात घड्याळं दोन तास पुढे करा अशी सूचना त्यांनी १८९५ मध्ये मांडली! आज अनेक देश वर्षातून दोनदा घड्याळाचे काटे फिरवतात, त्याच्या मुळाशी एक किडेवेडा कारकून आहे, हे सांगायचा मोह आवरत नाही. तिसरी जात १९८६ मध्ये रॉबिन क्रॉ यांनी नोंदवली. चौथी मात्र त्या पठारावर, खाणकामगारांच्या डोक्यावरून उडत, बिननावाचीच राहिली.

असं का झालं असावं? पतंग पकडणारे बहुधा रात्री दिवा लावून पांढऱ्या पडद्यापुढे बसतात. हा गट दिवसा, उन्हात उडणारा. आणि डेनिस्टनला ऊन म्हणजे पाहुणाच.

मार्च २०१२ मध्ये ‘फॉरेस्ट अँड बर्ड’ या निसर्गसंस्थेने तिथे ‘बायोब्लिट्झ’ भरवलं. ठरलेल्या थोड्या वेळात जाणकार आणि हौशी माणसं मिळून दिसेल त्या प्रत्येक जिवाची नोंद करतात, तो हा प्रकार. त्या वेळी पठारावर नव्या उघड्या खाणीचा वाद पेटला होता आणि हीच संस्था तिच्याविरुद्ध न्यायालयात लढत होती. म्हणजे ही मोजदाद निव्वळ कुतूहलापोटी नव्हती, हे मान्य करायला हवं. त्या मोजदादीत हा पतंग हाती लागला.

हाती लागला म्हणजे झालं, असं नसतं. जुन्या तिन्ही जातींचे संग्रहालयांतले नमुने काढायचे, पंखांवरच्या रेषा ताडून बघायच्या, पोटाचं टोक कापून जननेंद्रियांची रचना सूक्ष्मदर्शकाखाली तपासायची, कारण पंख फसवतात, ही रचना सहसा फसवत नाही. मग एक नमुना ‘मूळ नमुना’ म्हणून ठरवायचा; पुढे कधी वाद झाला तर साक्षीला तोच. ब्रायन पॅट्रिक, हेमिश पॅट्रिक आणि रॉबर्ट होर यांचा शोधनिबंध २०१९ मध्ये आला. सात वर्षं! तोवर खाण मंजूर होऊन, सुरू होऊन, कोळशाचे भाव पडल्यावर थांबलीही होती.

आता नाव. ते संस्थेने घेतलेल्या जाहीर स्पर्धेतून निवडलं गेलं, ‘अवतार’ या २००९ च्या चित्रपटावरून. खाणीसाठी आलेली माणसं आणि आपली भूमी राखू पाहणारे तिथले रहिवासी, ही त्याची गोष्ट आठवत असेल. काहींना असं नाव प्रचारकी वाटेल. आम्हाला तसं वाटत नाही; राजांच्या आणि देणगीदारांच्या नावांनी जाती ओळखल्या जातातच की. शिवाय नाव नसलेल्या जिवाची बाजू मांडायची कशी?

शब्द अर्थात संस्कृतातून गेलेला. अवतार म्हणजे खाली उतरणं. आपल्याकडे तो दशावतारात आहे, आणि ‘काय हा अवतार करून आलास!’ या आईच्या ओरडण्यातही. डेनिस्टनवरून मात्र आजवर फक्त कोळसाच खाली उतरला. पतंग अजून वरच आहे, माहीत असलेल्या दोनच ठिकाणी: डेनिस्टनचं पठार आणि शेजारचा माउंट रॉकफर्ट. आणि २०२४ मध्ये न्यूझीलंडने प्रकल्पांना झटपट मंजुरी देणारा जो कायदा केला, त्याच्या यादीत ब्युलरच्या पठारांवरचं कोळसा खाणकामही आहे.